टीव्हीचे रंग बिघडले, तर आधी रंग शून्यावर आणा

टीव्हीवरच्या चेहऱ्यांना विटकरी छटा आली किंवा वृत्तनिवेदकाचा पांढरा सदरा निळसर दिसू लागला, की आपला हात आधी ‘कलर’ या सेटिंगकडे जातो आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ते चार अंकांनी कमी केले की चेहरे बरे दिसतात, पण गवत मरगळते. मग टिंट (रंगांचा हिरव्याकडे किंवा लालकडे असलेला कल) फिरवली जाते, मग कॉन्ट्रास्ट, आणि तासाभराने मूळचे चित्र कसे होते हेच कोणाला आठवत नाही. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी पिक्चर मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सेटिंगची नावे प्रत्येक कंपनीत थोडी वेगळी असतात. येथे सर्वाधिक प्रचलित असलेली नावे वापरली आहेत.

बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी रिमोटमध्येच असते. ‘कलर’ हे सेटिंग थेट शून्यावर आणावे, म्हणजे चालू असलेले कोणतेही चित्र कृष्णधवल होते. आता पडद्यावर फक्त काळा, पांढरा आणि राखाडी एवढेच दिसायला हवे. तरीही चित्रावर निळी, गुलाबी किंवा हिरवट झाक उरली, तर दोष पांढऱ्या रंगाच्या समतोलात (पांढऱ्यात लाल, हिरवा आणि निळा किती मिसळला आहे त्या प्रमाणात), खोलीच्या उजेडात किंवा खुद्द पॅनेलमध्ये, म्हणजे पडद्यात, आहे, आणि कलर किंवा टिंट कितीही फिरवली तरी तो जाणार नाही. झाक पूर्णपणे गेली, तर पांढऱ्याचा समतोल ठीक आहे आणि दोष रंगाच्या तीव्रतेत, टिंटमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या सिग्नलमध्ये शोधावा. कसोटी झाल्यावर कलर पूर्वीच्या आकड्यावर आणायला विसरू नये.

दुसरी कसोटी स्रोताची. सेटटॉप बॉक्सवर रंग बिघडलेले दिसत असतील, तर तेच चित्र टीव्हीतल्या अ‍ॅपवर किंवा पेनड्राइव्हवरून लावून पाहावे. दोन्हीकडे बिघाड सारखाच असेल तर दोष टीव्हीचा. एकीकडेच असेल तर त्या बॉक्सचा, केबलचा किंवा त्या इनपुटच्या सेटिंगचा. बऱ्याच संचांत प्रत्येक इनपुटचे सेटिंग स्वतंत्र साठवले जाते, त्यामुळे ‘काल तर नीट केले होते’ ही तक्रार खरी असूनही दुसऱ्या इनपुटवर निरुपयोगी ठरते. संपूर्ण चित्र हिरवे-जांभळे झाले असेल, तर बॉक्स एका पद्धतीने रंग पाठवत आहे आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचत आहे, असे बहुधा असते; बॉक्सच्या मेनूतील कलर स्पेस ‘ऑटो’वर ठेवावे, केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी आणि शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहावी.

काळा रंग राखाडी आणि एकूण चित्र धुतल्यासारखे फिके दिसणे, किंवा याउलट अंधाऱ्या दृश्यांतले केस आणि काळे कपडे एकाच डागात विरून जाणे, यालाही लोक रंगांचाच बिघाड समजतात. खरे कारण बहुतेकदा सिग्नलच्या पट्ट्यात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठपर्यंत धरले आहेत यात, असते. व्हिडिओच्या ८ बिटच्या रचनेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो, तर संगणक साधारणतः ० ते २५५ असा पूर्ण पट्टा वापरतो. पाठवणारा १६-२३५ पाठवतो आणि टीव्ही ०-२५५ समजतो, तेव्हा चित्र फिके पडते. उलट झाले तर काळ्यातले तपशील गडप होतात. लॅपटॉप किंवा गेमचा कन्सोल जोडल्यावर हे अनेकदा घडते. अशा वेळी ब्राइटनेस न छेडता टीव्हीतील एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज आणि जोडलेल्या यंत्रातील तेच सेटिंग एकमेकांशी जुळवावे.

स्रोत निर्दोष ठरला, की पिक्चर मोडकडे वळावे. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हा मोड दुकानाच्या झगमगाटात शेजारच्या संचावर मात करण्यासाठी असतो. त्यात पांढरा मुद्दाम निळा केलेला असतो आणि क्रिकेटचे मैदान प्लॅस्टिकच्या चटईसारखे दिसते. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा २०२० पासूनच्या अनेक संचांत मिळणारा ‘फिल्ममेकर मोड’ निवडावा. यांत पांढरा रंग सुमारे ६५०० केल्व्हिनच्या (उजेडाचा पिवळट-निळसरपणा मोजण्याचे एकक), म्हणजे डी६५ या प्रमाणाच्या, जवळ असतो, आणि चित्रपट व वाहिन्यांच्या स्टुडिओतही रंग त्याच प्रमाणावर ठरवले जातात. पहिल्या दोन दिवसांत हे चित्र पिवळट वाटेल, कारण डोळ्यांना निळ्याची सवय झालेली असते. दोन दिवस धीर धरून मग जुना मोड लावावा. तोच खोटा वाटू लागतो, असा माझा अनुभव आहे. निवडलेला मोड काही मिनिटांनी आपोआप बदलत असेल, तर संच दुकानातल्या प्रदर्शनाच्या मोडवर राहून गेला आहे. सिस्टीम सेटिंगमध्ये जाऊन तो ‘होम’वर आणावा.

यानंतर वीजबचत, डोळ्यांच्या संरक्षणाचा मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि आजूबाजूच्या उजेडानुसार चित्र बदलणारा सेन्सर बंद करावा. ही पायरी मी स्वतः एकदा वगळली आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. आमचा टीव्ही रोज सातच्या सुमारास पिवळा पडत असे. मी पांढऱ्याचा समतोल निळ्याकडे सरकवला, तर सकाळी बातम्यांत सगळे निवेदक आजारी दिसू लागले. शेवटी मावशीने विचारले, की देवघरातला पिवळा दिवा लावल्यावरच असे होते का? टीव्हीच्या खालच्या कडेवरचा सेन्सर त्या दिव्याचा उजेड टिपून चित्राचा रंग बदलत होता. सेन्सर बंद केला आणि माझे सगळे बदल पूर्ववत केल्यावर तक्रार संपली.

खोलीचा उजेड हाही रंगांचा भाग आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ६५०० केल्व्हिनचा ‘कूल डेलाइट’ ट्यूबलाइट असतो आणि योगायोगाने तो टीव्हीच्या प्रमाणित पांढऱ्याच्या जवळचा असतो. त्यामुळे त्या उजेडात पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरून ढोबळ तुलना करता येते. पिवळ्या बल्बखाली मात्र हीच तुलना फसवी ठरते, कारण कागदच पिवळा दिसतो आणि अचूक टीव्ही निळा वाटतो. टीव्ही अर्धा तास चालू ठेवून, आणि ज्या वेळी सहसा पाहता त्याच उजेडात, पुढची कामे करावीत.

आता प्रत्यक्ष जुळवणी. ‘ब्राइटनेस’ हे सेटिंग बऱ्याच संचांत नावाप्रमाणे उजेडाचे नसून काळ्याच्या पातळीचे असते, आणि उजेड वाढवायचा असेल तर तो एलसीडी संचात बॅकलाइटने (पडद्यामागच्या दिव्यांनी) वाढतो. काळ्या पट्ट्यांचे चाचणीचित्र पेनड्राइव्हवरून लावावे; ‘एव्हीएस एचडी ७०९’ या नावाचा अशा चित्रांचा संच विनामूल्य मिळतो. १६ क्रमांकाची पट्टी पार्श्वभूमीत विरावी आणि १७-१८ या पट्ट्या जेमतेम जाणवाव्यात, इथे ब्राइटनेस थांबवावा. त्याच पद्धतीने पांढऱ्या पट्ट्या वेगळ्या दिसेनाशा होण्याआधी कॉन्ट्रास्ट थांबवावा. शार्पनेस अक्षरांच्या कडांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी होईपर्यंत उतरवावा.

पांढऱ्याचा समतोल बिघडला असेल, तर कलर टेम्परेचर प्रथम ‘वॉर्म’च्या पर्यायांपैकी एकावर आणून पाहावे, बहुतेक घरांत एवढ्यानेच काम होते. तरीही झाक उरली, तर व्हाइट बॅलन्समध्ये लाल, हिरव्या आणि निळ्याची प्रत्येकी दोन सेटिंगे दिसतात. ‘गेन’ उजळ भागावर आणि ‘ऑफसेट’ किंवा ‘कट’ काळोख्या भागावर परिणाम करते. कलर पुन्हा शून्यावर आणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी पायऱ्यांचे चित्र लावावे. उजळ पायऱ्या गुलाबी असतील तर लालचा गेन, काळोख्या निळसर असतील तर निळ्याचा ऑफसेट एकेका अंकाने कमी करावा. हिरव्याला शक्यतो हात लावू नये, कारण उजेडाचा मोठा भाग त्याच्याकडून येतो आणि तो बदलला की चित्राची एकूण प्रखरता हलते. डोळे फार लवकर सरावतात, म्हणून दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर पाहून परत यावे. याहून अचूक काम हवे असेल, तर पडद्यावर टेकवायचा कलरिमीटर (रंग मोजणारे उपकरण) आणि एचसीएफआर हे मोफत सॉफ्टवेअर लागते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा-वीस टप्प्यांचे व्हाइट बॅलन्स नुसत्या नजरेने करणे म्हणजे अंधारात सुई ओवणे आहे.

कलर आणि टिंट सर्वांत शेवटी. काही संचांत फक्त निळा रंग दाखवण्याची सोय असते. ती चालू करून रंगपट्ट्यांचे चित्र लावावे. राखाडी आणि निळी पट्टी सारखी उजळ दिसेपर्यंत कलर, आणि आकाशी व किरमिजी पट्टी सारखी होईपर्यंत टिंट सरकवावी. गणपतीच्या मखरासाठी आणलेला निळा जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरून हे करू नये, कारण त्यातून लाल आणि हिरवा उजेडही झिरपतो. निळ्याची सोय नसेल, तर दोन्ही सेटिंगे कंपनीने दिलेल्या आकड्यावरच ठेवणे श्रेयस्कर. एखाद्या वाहिनीवरच्या निवेदकाचा चेहरा पाहून ती ठरवू नयेत. दर स्टुडिओचे दिवे आणि रंगभूषा निराळी असते.

एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पट्टा असलेला) चित्रपट लावला, की टीव्ही बहुधा सेटिंगचा स्वतंत्र गट वापरतो आणि वरचे कष्ट तिथे लागू होत नाहीत. ते चित्र चालू असतानाच मोड पुन्हा निवडावा. सगळ्याच कार्यक्रमांचे रंग विचित्र दिसू लागले असतील, तर जोडलेली स्ट्रीमिंग स्टिक साधे चित्रही एचडीआर म्हणून पाठवत आहे का हे पाहावे आणि तिच्या मेनूत मूळ चित्रानुसार एचडीआर बदलण्याचा पर्याय चालू करावा.

एवढे करूनही टीव्हीच्या स्वतःच्या मेनूतील पांढरी अक्षरे निळी-जांभळी दिसत असतील, तर दोष बहुधा बॅकलाइटचा असतो. बॅकलाइटमधील पांढरा एलईडी मुळात निळा असून त्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे पांढरा दिसतो. तो थर खराब झाला की निळा उघडा पडतो. पडद्यावर रुपयाएवढे प्रखर गोल ठिपके दिसले, तर एलईडीवरचे भिंग निखळलेले असते. दोन्ही दुरुस्त्यांत पॅनेल उघडावे लागते, आणि बॅकलाइटच्या पट्ट्या सर्वच बदलून घ्याव्यात. एकच बदलली तर नव्या-जुन्या पांढऱ्यात फरक पडून चित्रावर आडवे पट्टे उमटतात. तंत्रज्ञाला आधी फोटो पाठवायचा असेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून काढून ‘डेलाइट’वर ठेवावा, नाहीतर फोन निळेपणा स्वतःच दुरुस्त करून टाकतो आणि पलीकडून उत्तर येते, की चित्र तर चांगले दिसते आहे.