सिरॅमिक काचेची शेगडी : वापर आणि निगा

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा भागांतील नव्या सदनिकांत ओट्यावर काळ्या काचेची विजेची शेगडी दिसू लागली आहे. गॅसच्या ‘ग्लास टॉप’ शेगडीशी तिची गल्लत करू नये. गॅसच्या शेगडीवर बसवलेली टफन्ड काच हे केवळ आवरण असते, कारण ज्योत आणि भांडे दोन्ही तिच्या वर असतात. विजेच्या शेगडीत मात्र भांडे थेट काचेवर बसते आणि उष्णतेचा मारा काचेलाच सोसावा लागतो, म्हणून तिथे सिरॅमिक काच वापरतात. तापल्यावर ती जवळजवळ प्रसरण पावत नाही, त्यामुळे तापलेल्या काचेवर गार पाण्याचे थेंब उडाले तरी ती सहसा तडकत नाही. तिला खरे भय आहे ते तीन गोष्टींचे : टोकदार आघात, वाळूचे कण आणि साखर.

या शेगड्या दोन प्रकारच्या असतात. इन्फ्रारेड शेगडीत काचेखालचे वेटोळे लाल होऊन तापते आणि तिच्यावर सपाट तळाचे कोणत्याही धातूचे भांडे चालते. इंडक्शनमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो, म्हणून त्या तळाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. भांडी बाजारातून घेतलेली तांब्यापितळेची पातेली आणि साधी ॲल्युमिनियमची भांडी इंडक्शनवर तापत नाहीत. नवी खरेदी करताना खिशात छोटा चुंबक असावा, दुकानदाराच्या ग्वाहीपेक्षा तो अधिक भरवशाचा. इन्फ्रारेडवरही ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे भांडे सरकवले, तर काचेवर धातूचे करडे ओरखडे उमटतात. ते बहुतेक वेळा निघतात, पण घासावे मात्र बरेच लागते.

भांड्याचा तळ सपाट असणे दोन्ही प्रकारांत महत्त्वाचे आहे. गोल बुडाची कढई काचेला जेमतेम मध्यभागी टेकते, उरलेली उष्णता वाया जाते आणि पदार्थ मधोमध करपतो. भांडे तापणाऱ्या वर्तुळाएवढे असावे, त्याचा तळ ठेवण्यापूर्वी पुसावा आणि जागा बदलताना ते फरफटत न नेता उचलून ठेवावे. भाजी धुताना तळाला लागलेले मातीचे चार कण काचेवर कायमची रेघ ओढू शकतात.

सर्वांत अधिक सावधगिरी संक्रांतीच्या आसपास लागते. तिळगुळाचा किंवा चिक्कीचा पाक उतू जाऊन तापलेल्या काचेवर पडला, तर तो काचेला घट्ट चिकटतो आणि निवताना आकसताना काचेच्या पृष्ठभागाचे टवके सोबत उपटून काढतो. तसा पडलेला खड्डा भरून निघत नाही. एरवी शेगडी पूर्ण निवल्यावरच पुसावी, हा नियम योग्य आहे. साखर, गूळ, मुरंबा आणि वितळलेले प्लास्टिक हे त्याला अपवाद आहेत. अशा वेळी बटण बंद करून भांडे बाजूला घ्यावे, हातात जाड मोजा घालावा आणि पात्याच्या स्क्रेपरने, पाते तिरके धरून, पाक गरम असतानाच काचेच्या थंड भागाकडे लोटून काढावा. उरलेला डाग शेगडी निवल्यावर ओल्या फडक्याने निघतो. पाक करताना मोठे, उंच काठांचे पातेले घेतले तर ही वेळच येत नाही.

रोजच्या सफाईला मऊ फडके आणि भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब पुरतात. तारेची घासणी, राख आणि भांडी घासायची पावडर यांना काचेपासून दूर ठेवावे. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत काचेवर पांढरे ठिपके राहतात. गार काचेवर थोडे व्हिनेगर लावून ते पुसावेत आणि शेवटी कोरडे फडके फिरवावे.

इन्फ्रारेड शेगडीची लाली मधूनमधून विझते आणि पुन्हा पेटते. हा बिघाड नसून तापमान राखण्याची तिची रीत आहे. बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे वरण किंवा भात शिजत आला की चार-पाच मिनिटे आधीच बटण बंद करावे आणि उरलेल्या उष्णतेवर तो होऊ द्यावा. इंडक्शनवर हा लाभ फारसा मिळत नाही, कारण तिथे काच केवळ भांड्यामुळे तापते. तरीही ती हात भाजण्याइतकी गरम असू शकते. पटलावर ‘एच’ हे अक्षर दिसत असेपर्यंत काचेला हात लावू नये, आणि फडके, झाकण, चमचा असे काहीही तिच्यावर ठेवू नये. इंडक्शनवर पातळ बुडाच्या भांड्यात फोडणीचे तेल अनपेक्षित वेगाने तापते, म्हणून आच मध्यम ठेवावी आणि मोहरी तडतडेपर्यंत तिथून हलू नये.

२,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पियर वीज ओढते, तेव्हा तिला ६ ॲम्पियरचा सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. अर्थिंग असलेला १६ ॲम्पियरचा सॉकेट हवा. पूर्ण क्षमतेने अर्धा तास चालली तर ती एक युनिट वीज खाते. चार चुलींची ओट्यात बसवलेली शेगडी असेल, तर स्वतंत्र वायर व एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) घ्यावा आणि घराचा मंजूर वीजभार पुरतो का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने इंडक्शन वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शेगडीच्या वरच्या फळीवर खलबत्ता किंवा लोणच्याच्या बरण्या ठेवू नयेत. काचेला केसाएवढी भेग दिसली तरी स्वयंपाक तिथेच थांबवावा, मुख्य स्विच बंद करावा आणि ओले फडके काचेला लावू नये, कारण भेगेतून पाणी विजेच्या भागांपर्यंत पोहोचू शकते. भेगेवर चिकटपट्टी लावून काम भागत नाही. काच बदलेपर्यंत ती शेगडी बंदच ठेवावी.