हंगामी विक्रेत्यांचे ई-मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार आता हापूस थेट ग्राहकाला विकतात आणि मागच्या हंगामांत ऑर्डर दिलेल्या पुण्या-मुंबईच्या ग्राहकांचे ई-मेल पत्ते त्यांच्याकडे साठलेले असतात. पावसाळा लागल्यापासून या यादीला कोणी हात लावत नाही. मग मार्चमध्ये तोड सुरू झाली की एका संध्याकाळी हजारो पत्त्यांवर एकच पत्र रवाना होते. स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणेच्या नजरेने पाहिले तर हे वर्तन फारच संशयास्पद आहे, कारण महिनोन्‌महिने गप्प असलेले डोमेन (ई-मेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) अचानक जागे होऊन जुन्या पत्त्यांवर भडिमार करते आणि पुन्हा गप्प होते. हॅक झालेल्या खात्यांवरून स्पॅम पाठवणारे नेमके असेच वागतात. त्यामुळे ग्राहकाने आपणहून पत्ता दिलेला असूनही पत्र स्पॅममध्ये का पडले, याचे उत्तर बहुधा पत्राच्या मजकुरात नसते. ते यादीत आणि पाठवण्याच्या पद्धतीत असते. येथे उदाहरण आंब्याचे घेतले असले, तरी दिवाळी अंकाचे प्रकाशक, फराळ विकणारे गृहउद्योग आणि वर्षातून एकदाच प्रवेश देणारे अभ्यासवर्ग यांनाही हीच पद्धत लागू पडते.

यादी आणि परवानगी

पत्ता हाती आला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. आंबा महोत्सवातील गाळ्यावर ठेवलेल्या वहीत ग्राहक पावतीसाठी पत्ता लिहून जातो. त्या पत्त्यावर पुढची चार वर्षे जाहिराती पाठवण्यास त्याने होकार दिलेला नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती ही विशिष्ट हेतूसाठी, स्पष्टपणे दिलेली असावी लागते आणि ती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे लागते. म्हणून ऑर्डरच्या फॉर्मवर ‘हंगामाची माहिती ई-मेलने पाठवावी’ असा वेगळा चौकोन ठेवावा आणि तो आधीच टिचकी मारलेला नसावा.

त्यापुढची पायरी पुष्टीची आहे. नवीन पत्ता आल्यावर त्यावर एक छोटे पत्र पाठवावे आणि त्यातील दुव्यावर ग्राहकाने टिचकी दिल्यानंतरच तो पत्ता यादीत घ्यावा. यामुळे यादी थोडी लहान राहते, ही तक्रार खरी आहे. पण वहीतील अक्षर न लागल्यामुळे चुकलेले पत्ते, ‘जीमेल’च्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर गळलेले पत्ते आणि कोणीतरी थट्टेने दिलेले दुसऱ्याचे पत्ते, हे सगळे दारातच गळून पडतात. चुकलेला पत्ता निरुपद्रवी असतो असे समजू नये. स्पॅम पकडण्यासाठी काही पत्ते सापळा म्हणून चालवले जातात; त्यांत कोणत्याही माणसाने कधीही न वापरलेले पत्ते असतात आणि मालकाने सोडून दिल्यानंतर सापळ्यात बदललेले जुने पत्तेही असतात. दोन-चार सापळ्यांवर पत्र गेले की पाठवणाऱ्याचे डोमेन काळ्या यादीत जाण्याचा धोका निर्माण होतो. विकत घेतलेल्या किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेल्या यादीत असे पत्ते हमखास असतात, म्हणून तसल्या यादीच्या वाटेला जाऊच नये.

तांत्रिक ओळखपत्रे

हे काम एकदाच करायचे असते, पण नीट करायचे असते. पत्र स्वतःच्या डोमेनवरून जावे. पाठवण्याचे काम एखाद्या बल्क मेल सेवेला (एकाच वेळी हजारो पत्रे पाठवून देणाऱ्या कंपनीला) दिले आणि प्रेषक म्हणून मात्र फुकटचा जीमेल किंवा याहूचा पत्ता ठेवला, तर पत्र अडकणारच. आपल्या पत्त्याचे नाव लावून बाहेरच्या सर्व्हरवरून आलेली पत्रे नाकारावीत, असे धोरण याहूने २०१४ मध्येच लागू केले आणि गूगलच्या नियमांतही जीमेल पत्त्याची अशी बतावणी करण्यास मनाई आहे.

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती इतर सर्व्हरना पुरवणाऱ्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी लागतात. एसपीएफची नोंद या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात ते सांगते. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर डिजिटल सही करते. तिची किल्ली २०४८ बिटची घ्यावी. डीमार्क ही तिसरी नोंद असून, ओळख न पटलेल्या पत्राचे काय करावे याची सूचना ती देते. नेहमी आढळणारा घोटाळा असा की, नवी मेल सेवा घेतली की तिने दिलेली एसपीएफची ओळ जुनीच्या खाली दुसरी नोंद म्हणून चिकटवली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात. म्हणून नवी सेवा जुन्याच नोंदीत समाविष्ट करावी आणि ती नोंद तपासताना डीएनएसमध्ये करावे लागणारे शोध १० च्या पुढे जाऊ देऊ नयेत.

डीमार्कचे धोरण आरंभी ‘नन’ (काहीही करू नये) ठेवून अहवाल मागवावेत, आपली सर्व पत्रे उत्तीर्ण होत आहेत याची खात्री झाल्यावर ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाकावे) करावे आणि ‘रिजेक्ट’ (नाकारावे) हा टप्पा सर्वांत शेवटी घ्यावा. डीमार्क ग्राहकाला दिसणारा प्रेषकाचा पत्ता आणि एसपीएफ किंवा डीकेआयएममधील डोमेन यांचा मेळ तपासते. बल्क मेल सेवा पुष्कळदा स्वतःच्या डोमेनची सही लावते. तेव्हा सही असूनही मेळ बसत नाही.

हे तपासण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. स्वतःच्या जीमेल खात्यावर एक पत्र पाठवावे, ते संगणकावर उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर टिचकी द्यावी आणि ‘शो ओरिजिनल’ निवडावे. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळींपुढे ‘पास’ असे दिसले पाहिजे. डीकेआयएमच्या ओळीत डोमेनचे नावही लिहिलेले असते. तेथे मेल सेवेचेच नाव दिसत असेल, तर स्वतःच्या डोमेनची सही अजून सुरू झालेली नाही असे समजावे.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी या नोंदी सक्तीच्या केल्या. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलुक व हॉटमेलच्या पत्त्यांसाठी तसेच नियम लावले. गूगलच्या हिशेबात २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांवर सुमारे ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणारा मोठा प्रेषक ठरतो. या मोजणीत त्याच मुख्य डोमेनची सर्व उपडोमेने (मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेली नावे) एकत्र धरली जातात आणि एकदा ही मर्यादा गाठली की ती ओळख कायम राहते. म्हणजे वर्षभर शांत असलेला बागायतदारही मार्चमधल्या एका संध्याकाळीमुळे कायमचा त्या वर्गात जातो.

हंगामाचे वेळापत्रक

सर्वांत अधिक फरक येथे पडतो, आणि येथेच बहुतेकांची चालढकल होते. पत्रांची सुरुवात पेट्या तयार झाल्यावर न करता डिसेंबर-जानेवारीत, मोहोर येत असतानाच करावी. पहिले पत्र फक्त मागच्या हंगामात ऑर्डर दिलेल्या ग्राहकांना, तेही दिवसाला दोनशे-तीनशे या बेताने पाठवावे. त्यात मोहोर कसा आहे, पहिली तोड कधी अपेक्षित आहे आणि भाव कोणत्या आसपास राहील, एवढेच साधेपणाने सांगावे आणि एक प्रश्न विचारावा: यंदा पाच डझनांची पेटी हवी की दोन डझनांचा खोका पुरेल? ग्राहकाने दिलेले उत्तर, स्पॅममधून बाहेर काढलेले पत्र आणि ग्राहकाने आपल्या ई-मेलच्या संपर्क यादीत जोडलेला पत्ता हे गाळणीसाठी चांगल्या ओळखीचे संकेत असतात. शिवाय माल किती लागेल याचा अंदाजही आयता मिळतो.

परत आलेली पत्रे आणि तक्रारी (ग्राहकाने ‘स्पॅम’चे बटण दाबणे) नगण्य असतील, तर दर दोन-तीन दिवसांनी संख्या दुप्पट करत न्यावी. त्यानंतर दोन हंगामांपूर्वीचे ग्राहक घ्यावेत. तीन-चार वर्षांत ज्यांनी ना ऑर्डर दिली ना उत्तर, त्यांना ‘यादीत राहायचे आहे का’ असे विचारणारे एकच पत्र पाठवावे आणि प्रतिसाद न आल्यास पत्ता काढून टाकावा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून हटवण्यास सुरुवात केली आहे, त्यामुळे जुन्या यादीतील काही पत्ते आता अस्तित्वातच नसण्याचा संभव आहे.

जाहिरातीची पत्रे आणि ऑर्डरच्या पावत्या वेगवेगळ्या उपडोमेनवरून पाठवाव्यात, म्हणजे जाहिरातीवर तक्रारी आल्या तरी पैसे भरलेल्या ग्राहकाची पावती अडकण्याची शक्यता कमी होते. स्वतंत्र आयपी पत्त्यासाठी (पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकासाठी) जादा पैसे मोजण्याचे कारण नाही; हंगामी प्रेषकाचा तेवढा ओघच नसतो, त्याला चांगल्या सेवेचा सामाईक आयपी पुरतो.

पत्राची बांधणी

‘मोफत’ किंवा ‘सवलत’ असे शब्द वापरले की पत्र स्पॅममध्ये जाते, हा समज फार जुना आहे आणि त्यात आता फारसे तथ्य नाही. मराठी पत्रांचा खरा अडथळा वेगळा आहे. छपाईसाठीचा मजकूर बिगर-युनिकोड फाँटमध्ये (तोच फाँट असेल तरच वाचता येणाऱ्या) टंकलेला असतो. तो तसाच पत्रात चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि ते टाळण्यासाठी मग अख्ख्या जाहिरातीचे एकच चित्र करून पाठवले जाते. चित्रापलीकडे मजकूरच नसलेले पत्र गाळणीला खटकते आणि चित्रे बंद ठेवणाऱ्या ग्राहकाला कोरे दिसते. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकावा किंवा परिवर्तकातून काढून तपासावा. पेटीचे छायाचित्र सोबत एखादे पुरे.

दुसरी अडचण आकाराची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते, तर साधे रोमन अक्षर एकच बाइट. जीमेल सुमारे १०२ केबीपुढचे पत्र कापून दाखवते, आणि कापला जाणारा शेवटचा भाग म्हणजे नेमका यादीतून नाव काढण्याचा दुवा असतो. तो सापडला नाही की चिडलेला ग्राहक हाताशी असलेले ‘स्पॅम’चे बटण दाबतो. लांबलचक पत्रे टाळावीत आणि हा दुवा वरच्या भागातही द्यावा. छोट्या केलेल्या लिंका, जोडलेल्या फाइली आणि आधी पत्रव्यवहार झालेला नसताना विषयात घातलेले ‘रि:’ यांना फाटा द्यावा.

नाव काढण्यासाठी लॉगिन किंवा कारण मागू नये. मोठ्या प्रेषकांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय पत्राच्या हेडरमध्येही (मजकुराआधीच्या तांत्रिक भागात) द्यावी लागते आणि विनंती २ दिवसांत अमलात आणावी लागते. बल्क मेल सेवेत हा पर्याय सुरू आहे ना, एवढे पाहावे.

पाठवल्यानंतर

५५० ने सुरू होणारा, ‘असा वापरकर्ता नाही’ सांगणारा निरोप आला की तो पत्ता त्याच दिवशी काढावा. ४ ने सुरू होणारे निरोप तात्पुरत्या अडचणीचे असतात. ते वाढू लागले तर वेग कमी करावा. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर विसंबू नये, कारण ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेली पत्रेही उघडलेली दिसतात. टिचक्या, उत्तरे आणि ऑर्डरी मोजाव्यात.

गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेनची नोंदणी करून तक्रारींचे प्रमाण पाहावे. ते ०.१ टक्क्याखाली असावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ नये, म्हणजे इनबॉक्सात पडलेल्या दर हजार पत्रांमागे तीन तक्रारी ही धोक्याची रेषा झाली. मात्र हे प्रमाण एकाएकी शून्यावर आले, तर लगेच हुरळून जाऊ नये: पत्रे आधीच स्पॅममध्ये पडत असतील, तर ग्राहक त्यांची तक्रार करणार तरी कशी? अशा वेळी ऑर्डरीही आटल्या आहेत का, हे ताडून पाहावे.

तसे झालेच असेल, तर नवे डोमेन घेऊन पळवाट काढू नये. नव्या डोमेनला ओळखच नसते. मोठ्या यादीला पत्रे पाठवणे थांबवावे, ओळखपत्रे पुन्हा तपासावीत आणि गेल्या महिन्याभरात ऑर्डर किंवा उत्तर दिलेल्या ग्राहकांपुरतीच पत्रे काही आठवडे चालू ठेवावीत. बाकीच्यांना तोवर फोन करावा. हापूसचा हंगाम मे-जूनमध्ये आटोपतो आणि गाळणीचा विश्वास त्याआधी परत मिळेलच याची खात्री नसते.