गणिताच्या पेपरात चकव्याचा प्रश्न कसा काढावा

वीस मार्कांच्या घटक चाचणीत एक चकवा, एका मार्काचा. त्याहून जास्त नको. दहावीच्या सराव परीक्षेत तर अजिबात नको, तिथे पोरांच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो. पाचवी ते आठवी हे वर्ग त्यासाठी उत्तम.

जागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रश्नाची. "शेवटी बोनस म्हणून ठेवा" असं सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. शेवटापर्यंत वेळ उरवून पोचतात ती वर्गातली नेहमीची हुशार चार डोकी, आणि चकवा काही त्यांच्यासाठी नसतो.

प्रश्न निवडताना झाडावरचे दहा पक्षी आणि अंडं घालणारा कोंबडा आधी बाद करा. ते पोरांना बालवाडीपासून पाठ असतात. हिशोब बरोबर येऊनही उत्तर चुकतं, तो खरा चकवा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीतला एक प्रश्न गाजला होता, त्याचे आकडे १९८३ मध्ये छापून आले. ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी 'एकतीस, बाकी १२' असं उत्तर लिहिलं, आणि ३२ बस म्हणणारे निघाले जेमतेम २३ टक्के. हाच प्रश्न आपल्या सहलीच्या एसटीवर घ्या : १४० मुलं, एका गाडीत ४४ जागा.

आता शब्दरचना. मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्याने, आणि बहुतेक मास्तर नेमका हाच दोन मिनिटांत उरकतात. प्रश्नातला शब्दन् शब्द खरा हवा. फसायचं ते मुलाच्या गृहीतकाने, आपल्या ढिसाळ मराठीने नव्हे. यॉर्कचा अल्क्विन या मध्ययुगीन इंग्रज पंडिताच्या नावावर असलेल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या लॅटिन संग्रहात एक झकास प्रश्न आहे : बैल दिवसभर नांगरतो, तर शेवटच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या शेवटच्या चरात, त्याच्या पावलांचे ठसे किती? उत्तर, एकही नाही. बैल पुढे, नांगर मागे, ठसे पुसले जातात. पण 'शेवटच्या तासात' ऐवजी नुसतं 'शेतात' लिहा, की प्रश्न मेला. बांधाजवळ नांगर उचलून बैल वळवतात, तिथे ठसे राहतातच, आणि शेतकऱ्याचं पोर ते तुम्हाला सांगणारच. माझ्या वर्गातल्या एकाने तर शून्य लिहून कारण दिलं, "नांगराला जोडी असते सर, नांगर मधून चालतो. तासात बैलाचा पाय पडतच नाही." लाकडी नांगरापुरतं हे कारण अल्क्विनच्या कारणापेक्षा सरस आहे. पूर्ण मार्क.

अपुऱ्या माहितीचा प्रश्न काढणार असाल तर दुप्पट सावध राहा. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या गणितशिक्षण संस्थेने १९७९ च्या सुमारास हा प्रश्न ९७ लहान मुलांना घातला, आणि ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं. यावर "हल्लीची मुलं विचारच करत नाहीत" म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांचा मला राग येतो. मास्तरांनी विचारलंय म्हणजे उत्तर असणारच, हे आपणच त्यांना पहिलीपासून शिकवलेलं असतं. म्हणून पेपराच्या माथ्यावर एक ओळ छापा : 'एखाद्या प्रश्नात पुरेशी माहिती नसल्यास तसे कारणासह लिहावे.' ही ओळ नसेल तर असला प्रश्न घालूच नका, ती निव्वळ फसवणूक आहे. आणि या ओळीने गुपित फुटेल ही भीती सोडा. ती वाचूनही बरीच मुलं २६ आणि १० ची बेरीज करतातच.

मसुदा झाला की तो मराठीच्या बाईंना वाचायला द्या, गणिताच्या सरांना नको. सर लगेच सोडवायला बसतील, बाई वाचतील. बाईंनी "म्हणजे नक्की काय?" असं विचारलं की पुन्हा लिहा.

तपासणीपूर्वी उत्तरसूची लेखी करा. सहलीच्या प्रश्नाला माझी अशी असते : 'चार गाड्या, किंवा उरलेल्या ८ मुलांची सोय सांगणारं कोणतंही उत्तर.' त्यामुळे "तीनच गाड्या, आठ जण मांडीवर" असं लिहिणाऱ्यालाही मार्क मिळतो. बाकी आठ उरते हे त्याला कळलंय. २०१८ साली चीनच्या सिचुआन प्रांतात पाचवीच्या पेपरात हाच कप्तान आला, तेव्हा इंटरनेटवर एकाने जनावरांच्या वजनाचा अंदाज घेतला, तेवढा माल नेणाऱ्या कप्तानाला लागणाऱ्या परवान्याचे नियम लावले आणि वय किमान २८ ठरवलं. असल्या उत्तराला मी डोळे झाकून मार्क देईन. 'क्ष शोधा' खाली क्षला गोल करून "हा बघा" लिहिणाऱ्याला मात्र शून्य. तो विनोद त्याच्या आजोबांच्या वयाचा आहे, आणि 'क्ष ची किंमत काढा' असं लिहिलं असतं तर तो सुचलाही नसता.

अर्धा मार्क कधीच देऊ नका. पूर्ण नाहीतर शून्य. अर्ध्यासाठी पालक शाळेत येतात.

आणि दोन तुकड्यांना एकच चकवा देऊ नका, मधल्या सुट्टीत उत्तर भिंत ओलांडून गेलेलं असतं. 'अ' ला एसटी, 'ब' ला बैल.