कस्तूर ओळखताना आणि परसबागेत बोलावताना या चुका टाळा

छातीवर ठिपके दिसले की तो पक्षी कस्तूर (इंग्रजीत थ्रश) म्हणून नोंदवून टाकायचा, ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. उत्तर अमेरिकेतील ब्राउन थ्रॅशर वरवर पाहता कस्तुरासारखाच वाटतो. पण त्याचे डोळे पिवळे असतात, शेपूट लांबलचक असते आणि छातीवर सुट्या ठिपक्यांऐवजी रेघा असतात. याउलट अमेरिकन रॉबिन हा खराखुरा कस्तूर असूनही त्याची छाती विटकरी असते आणि ठिपके फक्त पिल्लांच्या अंगावर दिसतात. म्हणून विणीच्या काळात ठिपकेदार पक्षी आढळला, तर नवी जात सापडली असे ठरवण्याआधी त्याला कोण भरवते आहे, हे थोडा वेळ थांबून पाहावे. नावावरही विसंबू नये, कारण लाफिंगथ्रश म्हणवले जाणारे पक्षी मुळात सातभाईंच्या कुळातले आहेत.

केवळ रंगावर भर दिल्याने जवळच्या जातींची गल्लत होते. युरोपातील सॉंग थ्रश सुमारे 23 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याच्या पंखाखालचा भाग पिवळसर-बदामी असतो, तर मिसल थ्रश सुमारे 27 सेंटिमीटरचा असून उडताना त्याच्या पंखाखालचा पांढरा रंग स्पष्ट दिसतो. हर्मिट थ्रश तर सवयीवरूनच ओळखू येतो: बसल्या जागी तो आपली तांबूस शेपटी झटकन वर उचलतो आणि मग अगदी सावकाश खाली आणतो. ही हालचाल एकदा नीट पाहिली की विसरत नाही.

दाण्यांचे भांडे टांगूनही कस्तूर येत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. त्याचे कारण साधे आहे. कस्तूर बहुधा जमिनीवर चरतो, आणि त्याचा आहार मुख्यतः गांडुळे, किडे, गोगलगायी व रसाळ फळे हा असतो. त्यामुळे रोज झाडून लख्ख केलेली बाग त्याच्या दृष्टीने रिकामे ताट ठरते. झुडपांखालचा पालापाचोळा तसाच राहू द्यावा, बोराएवढी फळे धरणारी स्थानिक झुडपे लावावीत आणि सफरचंदाच्या फोडी खालीच ठेवाव्यात. भिजवलेले बेदाणेही चालतात, मात्र ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, म्हणून घरात कुत्रा असल्यास टाळावेत. पाण्याचे भांडे उथळ, खडबडीत तळाचे असावे आणि त्यातील पाणी वरचेवर बदलावे. मांजर दबा धरून बसेल अशा आडोशाला लागून ते ठेवू नये.

कीटकनाशके आणि गोगलगायींसाठीच्या विषारी गोळ्या यांचा वापर मात्र पूर्णपणे थांबवायला हवा. पक्ष्याला बोलवायचे आणि त्याच्याच घासात विष कालवायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. त्याऐवजी सॉंग थ्रशच्या प्रदेशात झुडपाजवळ एक सपाट दगड ठेवावा. गोगलगाय चोचीत धरून तो दगडावर आपटतो आणि शंख फोडून आतला मऊ भाग खातो. दगडाभोवती शंखांचे ताजे तुकडे पडलेले दिसले, तर पक्षी नजरेस पडला नसला तरी तो येऊन गेला असे खुशाल समजावे.