वनहक्काचा दावा लिहिताना : पिकवलेलं, खाल्लेलं आणि विकलेलं

नागलीची दोन पोती बाजारात विकली म्हणून वनहक्काचा दावा बुडत नाही. आमच्या पाड्यावर ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं दप्तर मी सांभाळतो, आणि दावा लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण नेमकं हेच लपवू पाहतो. 'फक्त पोटापुरतं पिकवतो' असं लिहिलं तरच जमीन मिळते, हे त्याला कुणीतरी भरवलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमीन स्वतः कसण्याचा हक्क उपजीविकेसाठी आहे, हे खरं. पण उपजीविकेच्या गरजा म्हणजे काय, ते नियमांत सांगितलंय. आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून उरलेला माल विकणंही त्यात स्पष्ट धरलंय. मीठ, तेल आणि पोरांच्या वह्या काही शेतात उगवत नाहीत.

तेव्हा दाव्यासोबतच्या निवेदनात आहे तसं लिहा. 'आम्ही शेती करतो' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. असं लिहा : 'खालच्या खाचरात भात, वरच्या उतारावर नागली आणि वरी, बांधावर तूर. भात माघापर्यंत पुरतो, पुढे नागलीवर भागतं. उरली तर विकतो. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत घरचीच माणसं असतात; लावणीला शेजारी येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो.' यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. जमीन तुम्ही स्वतः कसता, हे त्यातून दिसतं.

ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा, आणि मागणी प्रत्यक्ष कसता तेवढ्याच जमिनीची, फार तर ४ हेक्टर. 'चार मागू, दोन तरी मिळतील' असला हिशेब इथे चालत नाही, मोजणीला माणसं शेतावर येतात. आदिवासी नसलेल्या कुटुंबाला त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं.

पुराव्यात लोक अडकतात. सातबारा नाही म्हणून रडत बसू नका, तो असता तर दावाच कशाला केला असता? वनखात्याने कधी दंड केला असेल तर ती पावती पत्र्याच्या पेटीतून शोधून काढा. ज्या कागदाने तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच आता तुम्ही त्या साली तिथे नांगर धरून होतात हे सांगतो. रेशनकार्ड, घरपट्टी जोडा. बांध, सपाट केलेली खाचरं, झोपडी हेही पुरावेच. पाहणीच्या दिवशी समितीला तिथे उभं करून दाखवा. उपग्रहाचं चित्र पूरक म्हणून चालतं, पण 'चित्रात शेत दिसत नाही' एवढ्यावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

वडीलधाऱ्यांचा जबाब सगळ्यात वाईट लिहिला जातो. 'सदर इसम पूर्वापार कसत आहे', बस. जबाब देणारा दावेदार सोडून दुसरा हवा, आणि त्याला खुणेच्या गोष्टी विचाराव्यात. एका आजींनी सांगितलं, "थोरला पाठीशी बांधून मी तिकडं लावणीला गेले, तेव्हा खालचा बंधारा झाला नव्हता." बंधाऱ्याचं साल सरकारी दप्तरात सापडतं. जबाब त्यांच्याच बोलीत उतरवा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. एकाच पुराव्यावर विसंबू नका, किमान दोन द्या.

लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, म्हणून अर्जावर बाईचंही नाव आणि सही घ्या. पुरुष हे हमखास विसरतात. मिळालेली जमीन वारसांना जाते, विकता येत नाही.

कागद दिलेत की पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागा. तिथेही फेटाळलं तर पुढच्या ६० दिवसांत जिल्हा समितीकडे. नकाराचं कारण लेखी मागा. पडताळणी पुरी होईपर्यंत तुम्हाला त्या जमिनीवरून उठवता येत नाही, तेव्हा पेरणी थांबवू नका.