शाळेने दिलेली शिक्षा जास्त आहे का, कसं ठरवायचं

पोराने मस्करीत फायर अलार्म वाजवला आणि शाळेने थेट महिनाभर सस्पेंड केलं, तर लगेच भांडायला जाऊ नका, आधी त्याच्याकडून सगळं खरं खरं ऐकून घ्या, कोणाला लागलं का, काही मोडलं का, मग शाळेचे लेखी नियम मागा. त्याची बाजू शाळेने ऐकली का हे नक्की विचारा, न ऐकता दिलेली शिक्षा मला तरी अजिबात पटत नाही. सोबतच्या मुलांना काय शिक्षा झाली तेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम २८ नुसार शाळेची शिस्त मुलाचा मान राखणारी हवी, म्हणजे सगळ्यांसमोर अपमान नकोच. शिक्षा जास्तच वाटली तर लेखी अर्ज द्या आणि त्यात माफी, नुकसानभरपाई असा पर्याय स्वतःहून सुचवा.