उद्देशिकेवर युक्तिवादाचा किती भार टाकावा?

कायद्याच्या पहिल्या वर्षी संविधानाची उद्देशिका, म्हणजे त्याचा हेतू सांगणारी प्रस्तावना, हा विषय बहुधा दोन निकालांत आटोपला जातो. पाकिस्तानला भूप्रदेश देण्याविषयीच्या बेरुबारी प्रकरणात १९६० साली दिलेल्या सल्लागार मतात सर्वोच्च न्यायालयाने ती संविधानाचा भाग नसल्याचे म्हटले आणि १९७३ साली केशवानंद भारती प्रकरणात ती भाग असल्याचे ठरवले. परीक्षेला एवढे पुरते. परंतु वकिली सुरू केल्यावर मला दिसले की तिच्या आधारे न्यायालयाकडे नेमके काय मागता येते, हा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो.

त्यासाठी संविधान सभेचे कामकाज मुळातून वाचा. मसुद्यावरील चर्चेच्या अखेरीस, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, उद्देशिका संविधानाचा भाग ठरावी असा प्रस्ताव सभेने रीतसर संमत केला होता. बेरुबारीच्या मतात हा इतिहास विचारात घेतला गेला नव्हता. तरीही त्या मतातील एक भाग आजही उपयोगी आहे : उद्देशिका शासनाला नवा अधिकार बहाल करत नाही. केवळ तिच्यातील ‘न्याय’ या शब्दावर याचिका उभी राहत नाही. अनुच्छेद दाखवावाच लागतो, आणि त्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना मात्र तिचे वजन मोठे ठरते. संविधानाची मूलभूत चौकट, म्हणजे घटनादुरुस्तीनेही बदलता न येणारा गाभा, कोणती, हे सांगताना केशवानंदमधील न्यायाधीशांनी तिचा आधार घेतला, तो याच कारणाने.

साध्या कायद्यांनाही उद्देशिका असू शकते. त्यांच्या बाबतीत मी नवोदितांना नेहमी हॅनोव्हरच्या राजपुत्राचा खटला वाचायला सांगतो. १७०५ च्या इंग्लिश कायद्याने राजकन्या सोफिया आणि तिच्या वंशजांना ब्रिटिश प्रजाजनत्व दिले होते. त्या कायद्याच्या उद्देशिकेत मात्र राणी ॲनच्या हयातीतच हे व्हावे, असा उल्लेख होता. म्हणून तिच्या हयातीत जन्मलेल्या वंशजांनाच लाभ मिळतो, अशी सरकारची भूमिका होती. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ती फेटाळली आणि विसाव्या शतकातल्या या वंशजाला, म्हणजे राजपुत्राला, प्रजाजन मानले. या निकालाचे खरे मोल त्याच्या विचारपद्धतीत आहे : कलम स्पष्ट आहे की संदिग्ध, हे उद्देशिकेसह संपूर्ण कायदा वाचल्याखेरीज ठरवू नये, मात्र तसे वाचूनही कलम स्पष्टच राहिले, तर उद्देशिकेच्या जोरावर त्याचा संकोच करता येत नाही. माझ्या मते विधिअर्थनिर्वचनाच्या, म्हणजे कायद्याचा अर्थ लावण्याच्या, अभ्यासाची सुरुवात याच निकालापासून व्हायला हवी.

आपल्याकडील उदाहरण माहितीच्या अधिकाराचे घ्या. २००५ च्या या कायद्याची उद्देशिका पारदर्शकता आणि सुजाण नागरिक यांविषयी बोलते, आणि अर्जदाराचे वकील बहुधा तेवढीच वाक्ये वाचून थांबतात. पुढच्याच परिच्छेदात मात्र शासनाचे कार्यक्षम कामकाज, मर्यादित आर्थिक साधनांचा सुयोग्य वापर आणि संवेदनशील माहितीची गोपनीयता यांचाही उल्लेख आहे. परीक्षार्थींना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य करणाऱ्या २०११ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही हेतूंचा समतोल राखण्यावर भर दिला. म्हणून लेखी युक्तिवादात उद्देशिका उद्धृत करायची असेल, तर आधी ती अखेरच्या ओळीपर्यंत वाचा आणि आपल्याला अडचणीच्या वाटणाऱ्या भागाचे उत्तर त्याच टिपणात लिहून ठेवा, कारण समोरचे वकील वाचनाची सुरुवात तिथूनच करतील.